येळवशीची जादा गाडी

"कीबोर्डला कुणाचाच हात न्हाई, मग हे टाईप कोण करलालंय?"

हुडे शेठ खुर्चीतून अर्धे उठून पडद्याकडे बघत होते. पेंडसे सरांनी दोन्ही हात मुद्दाम डोक्यामागे गुंफले होते. जादूचे प्रयोग करणारा बाह्या वर सारून दाखवतो ना, तसे. त्यांच्या लॅपटॉपवर ब्राउझर आपला आपण उघडला होता. 'कुठून'च्या चौकटीत पुणे उमटलं, 'कुठे'च्या चौकटीत लातूर, मग आजची तारीख. गाडीचा नकाशा आला, हिरवं आसन पिवळं झालं, प्रवाशाचं नाव, वय, मोबाइल भरला गेला, 'पैसे गाडीत देणार' या गोलात टिंब पडलं, आणि 'आपलं आसन राखून ठेवलं आहे' अशी पाटी झळकली. शेठ "अरे तिच्या!" म्हणेपर्यंत ती खिडकी मिटली, दुसरी उघडली आणि शेजारच्या आसनासाठी तोच खेळ पुन्हा सुरू झाला.

"हे सगळं आमच्या महानंदानं लिहिलंय," सर माझ्याकडे बघत म्हणाले. "महानंदा बिराजदार."

"बिराजदार? म्हंजी आमच्याकडच्याच की!" शेठ वळले. "गाव कोणतं म्हणलीस, बाय?"

"लातूरजवळ आहे," मी म्हटलं. नाव घेतलं नाही.

"मग उद्या येळवस. गावाकडं जायचं न्हाई का?"

"इथं काम आहे, शेठ."

"येळवशीला कसलं काम," शेठ म्हणाले आणि पुन्हा पडद्यात गुंतले.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. आमच्या लातूर-उस्मानाबादकडे त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. पोटासाठी पुण्या-मुंबईला गेलेला माणूस दिवाळीला एखादे वेळी चुकेल, येळवशीला चुकत नाही. म्हणून तर शेठनी आदल्या दिवशी दुपारची एक जादा गाडी लावली होती, आणि त्याच गाडीची तिकिटं पहिल्यांदाच आमच्या वेबसाइटवरून विकायला दिली होती. हुडे ट्रॅव्हल्स हे आमचं पहिलं आणि तोवर एकुलतं गिऱ्हाईक. शेठ खूश झाले तर त्यांच्यामागून बाकीचे गाडीवाले येणार होते.

आमची कंपनी म्हणजे कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. माणसंही मोजकीच. पेंडसे सर मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून यात उतरले होते. वेबसाइट मुनाफ अत्तारनं बांधली होती. ती कुठे अडते, कुठे चुकते हे बघायचं काम माझं. आधी मी ते हातानं करायचे. मुनाफनं एक ओळ बदलली की मी सकाळपासून तिकिटं काढत बसायची. खिडकीजवळचं, मधलं, बायकांसाठी राखीव, ज्येष्ठांच्या सवलतीचं. मग एक दिवस सरांनी सेलेनियम या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनाबद्दल सांगितलं. "फुकट आहे," ते म्हणाले, "आणि आतलं सगळं उघडं आहे. कसं केलंय ते वाच, अडलं तर विचार. कुणीतरी सांगतं." मी पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहायला लागले. अडायचे तेव्हा इंटरनेटवर विचारायचे, आणि दुसऱ्या दिवशी कुठल्या कुठल्या देशातल्या माणसाचं उत्तर आलेलं असायचं. तो मला ओळखत नव्हता, मी त्याला. पहिल्यांदा ब्राउझर आपोआप उघडून त्यात अक्षरं उमटली तेव्हा मी आणि मुनाफ वेड्यासारखे टाळ्या वाजवत होतो.

माझ्या स्क्रिप्टमधली प्रवासी बाई एकच होती. शकुंतला ढवळे, वय पासष्ट. ज्येष्ठांची सवलत तपासायला म्हातारी लागत होती, म्हणून मी तिला घडवलं. ती रोज सकाळी आमच्या सरावाच्या साइटवर एका खोट्या गाडीची सगळी तिकिटं काढायची. गाडीचं नाव 'टेस्ट बस एक'.

आणि नेमकं तेच नाव सरांना खटकलं होतं.

शेठ आपल्या गाडीचा फोटो बघून जास्त खूश होतील, म्हणून त्यांनी सकाळी स्वतःच्या लॅपटॉपवर सरावाच्या साइटचा पत्ता बदलून खऱ्या साइटचा घातला होता. मला हे माहीत नव्हतं. माहीत झालं ते शेठचा फोन वाजला तेव्हा.

"बोल, राजाभाऊ," शेठ म्हणाले. राजाभाऊ म्हणजे हडपसरच्या गाडीतळावर बसणारा त्यांचा बुकिंग क्लार्क. पलीकडून तो एवढ्या जोरात बोलत होता की आम्हालाही ऐकू येत होतं. "शेठ, जादा गाडी फुल! मघाशी अर्ध्याच्या वर मोकळी होती, बगता बगता फुल झाली!"

शेठनी फोन बाजूला धरला आणि सरांच्या पाठीवर थाप मारली. "पेंडसे साहेब, मानलं तुमच्या वेबसाइटला! पेढे मागवा. माझ्यातर्फे."

सर लाजून हसत होते. मी मात्र पडद्याच्या वरच्या पट्टीतला साइटचा पत्ता वाचत होते.

"शेठ," मी म्हटलं, "जरा नावं विचारता का? प्रवाशांची?"

शेठनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. राजाभाऊ वाचायला लागला. "शकुंतला ढवळे, पासष्ट. शकुंतला ढवळे, पासष्ट. शकुंतला..." तो थांबला. "शेठ, एकाच बाईनं समदी गाडी घेतली की हो. वऱ्हाडबिऱ्हाड हाय का काय?"

लॅपटॉपवर शेवटची खिडकी मिटली.

मुनाफ उठून आपल्या टेबलाकडे पळाला. त्यानं सगळ्या शकुंतला बघता बघता पुसून टाकल्या. आसनं पुन्हा हिरवी झाली. पण तोवर राजाभाऊनं खिडकीवर आलेल्यांना 'जागा न्हाई' म्हणून लावून दिलं होतं, बाकीच्या एजंटांनाही गाडी भरल्याचं कळवलं होतं. आणि गाडी दुपारी एकला सुटायची होती.

सरांनी शेठना सगळं सांगितलं. लपवलं काही नाही. "चूक माझी आहे. पत्ता मी बदलला," असं दोनदा म्हणाले.

मला वाटलं, शेठ आरडाओरडा करतील. ते खाली बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. "गाडी मोकळी गेली तर माझं काय व्हायचं ते होऊ द्या," ते म्हणाले. "पण येळवशीला निघालेल्या माणसाला जागा न्हाई म्हणायचं, आन मागनं मोकळी गाडी पळवायची? लोक शिव्या घालतील, साहेब. आन त्या मला लागतील." ते उठले, टोपी घातली. "तुमची वेबसाइट ऱ्हाऊ द्या आता. आपलं वहीपेन बरं हाय." आणि जिना उतरून गेले.

सर खिडकीपाशी उभे राहिले. मग त्यांनी हेल्मेट उचललं. "मुनाफ, तू साइट आणि फोन सांभाळ. महानंदा, चल."

"कुठं, सर?"

"माणसं शोधायला."

स्कूटरवर सर एका सिग्नलला फक्त मान वळवून म्हणाले, "मला वाटलं, शेवटी सगळी तिकिटं आपोआप रद्द होतात."

"ती स्क्रिप्ट वेगळी आहे, सर."

"हो," ते म्हणाले. "आता कळलं."

गाडीतळावर नुसती झुंबड होती. सोलापूर रस्त्याच्या कडेला बोचकी, पत्र्याच्या पेट्या, पेंगुळलेली पोरं. बांधकामावरचे मजूर, रखवालदार, खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या बायका, कॉलेजची पोरं. एसटी भरून यायची, न थांबता पुढे जायची. हुडे ट्रॅव्हल्सची पांढरी गाडी मात्र एका बाजूला उभी, आत तुरळक माणसं. शेठ दाराशी उभे होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

सर गर्दीत शिरले. "लातूर! लातूरला जाणारे कोणी आहेत का? आसनं उपलब्ध आहेत!"

सदाशिव पेठेत वाढलेला, इस्त्रीच्या शर्टातला, चष्मा लावलेला माणूस गाडीतळावर 'आसनं उपलब्ध आहेत' म्हणून ओरडतोय, हे दृश्य आज आठवलं की मला हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. लोक त्यांच्याकडे संशयानं बघत होते. "काका, ज्यादा किती घेणार?" एका पोरानं विचारलं. सर म्हणाले, "एक पैसाही जास्त नाही." त्यावर तो पोरगा मित्राला म्हणाला, "मग नक्कीच फसवलालंय." एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "सकाळी इथलाच माणूस जागा न्हाई म्हणला, आता तुम्ही हाय म्हणता. कुणाचं खरं धरायचं?"

मीही विचारून बघत होते. "ताई, लातूरची गाडी आहे, रिकामी आहे, तुम्हाला हवी आहे का?" बायका माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघायच्या आणि पदर सावरून दुसरीकडे बघायच्या.

पुण्यात आल्यावर पहिल्याच महिन्यात एका मीटिंगमध्ये मी 'येते'ऐवजी "मी उद्या येलाले" म्हणाले होते. सगळे हसले. वाईट हेतूनं नव्हे, पण हसले. त्यानंतर मी बोलणं घासूनपुसून इतकं स्वच्छ केलं की मुनाफलाही दीड वर्ष मी सांगली-साताऱ्याकडची वाटत होते. गावाकडचं बोलणं फक्त मायशी फोनवर, तेही जिन्यात उभं राहून.

एक वाजायला फार वेळ नव्हता. सर घामाघूम होऊन एका कुटुंबापुढे हात जोडत होते, आणि ते कुटुंब त्यांना टाळून पुढे सरकत होतं. मला ते बघवेना. मी रस्त्याकडेच्या एका दगडावर चढले आणि ओरडले,

"ओ मावशे! ओ दादा! येळवशीला जायचंय का न्हाई? बार्शी, मुरूड, लातूर! गाडी मोकळी हाय बगा, उगं उनात कशाला उभारलाव? चला की!"

आवाज माझाच होता. पण आमच्या शेतात पाखरं हाकलताना निघायचा, तसला. पाच-पंचवीस माना एकदम वळल्या.

बोचक्यावर बसलेली एक बाई उठली. पन्नाशीची, कपाळावर मोठं कुंकू, हातात पोळपाट बांधलेली पिशवी. तिचं नाव चंद्रकला, हे मागून कळलं.

"तू कुठली गं?"

"बोरगावची. मुरूडच्या अलीकडं."

"आमची वाडी तुमच्या पल्याडच. बोरगावात कुणाची?"

पुण्यात आडनाव विचारतात, जिल्हा विचारतात. 'कुणाची' असं मला दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

"शिवमूर्ती बिराजदाराची."

तिनं मला खालून वर न्याहाळलं. "सुपारी मोडलेली पोरगी, ती तूच का?"

भोवती एवढी माणसं, सर चार हातांवर उभे, दाराशी शेठ. मी म्हटलं, "व्हय. मीच."

चंद्रकलाबाईंनी मग मागे वळून हाक दिली, "चला गं समद्या! शिवमूर्ती आण्णाची लेक हाय, खोटं न्हाई बोलायची. उचला बोचकी."

मग जी माणसं उठली, ती उठलीच. तो म्हातारा आला, ती पोरं आली. सर दारात उभे राहून एकेकाचं सामान वर चढवत होते, पिठाच्या डब्यानं त्यांचा शर्ट पांढरा झाला होता. राजाभाऊ नावं लिहून घेत होता. मी आत शिरून बायकांना जागा दाखवत होते, पेट्या सीटखाली ढकलत होते. बघता बघता गाडी भरली. शेवटी चंद्रकलाबाईंच्या शेजारची एकच जागा उरली.

मी उतरायला निघाले तर बाईंनी माझी ओढणी धरली. "तू कुठं चाललीस?"

"मला इथं काम आहे, मावशी."

"येळवशीला कसलं काम गं?"

सकाळपासून दुसऱ्यांदा मला हे कुणीतरी ऐकवत होतं. खिडकीखालून सर म्हणाले, "महानंदा, बस. लॅपटॉप मी घेऊन जातो. दोन दिवस येऊ नकोस." त्यांना माझ्या घरचं काही माहीत नव्हतं. त्या घोळानंतर शेठ पहिल्यांदाच माझ्याबद्दल काही बोलले, तेही ड्रायव्हरकडे बघत. "बोरगावच्या फाट्यावर थांबव रे हिच्यासाठी."

दार उघडं होतं. मला उतरता आलं असतं. मी बसले.

टेंभुर्णी गेली तरी मी खिडकीबाहेरच बघत होते. चंद्रकलाबाईंनी मध्ये एकदा शेंगदाण्याचा लाडू हातावर ठेवला, पण काही विचारलं नाही. विचारायचं ते त्यांनी आधीच विचारलं होतं.

झालं होतं ते असं. दोन वर्षांपूर्वी आण्णांनी लातूरचं एक स्थळ ठरवलं होतं. मुलगा सरकारी नोकरीत, घर चांगलं. बोलणी झाली, सुपारी फुटली, साखरपुड्याची तारीख निघाली. मग मुलाकडून निरोप आला की पुण्याची नोकरी सोडावी लागेल, आमच्यात सुना नोकरी करत नाहीत. मी आण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "लगीन होऊ दे, मग बघू, समदं जुळून येतंय." मी रात्रभर विचार केला आणि सकाळी मीच मुलाला फोन करून नाही म्हणाले. आण्णांनी शब्द दिला होता. गावातल्या आणि पाहुण्यांच्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन त्यांना सांगावं लागलं की येऊ नका. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही गेले नाही. दोन येळवशी अशाच गेल्या.

फाट्यावर उतरले तेव्हा दिवे लागले होते. घरी मायनं दार उघडलं, मला बघितलं आणि तोंडाला पदर लावला. आण्णा ओट्यावर बसले होते. उठून आत गेले. एवढंच.

सकाळी सगळे शेतात गेलो. ज्वारी कमरेच्या वर आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले. आण्णांनी कडब्याची कोप, म्हणजे खोपट, उभारली होती, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. मायनं आदल्या दिवसापासून खपून केलेली भज्जी, म्हणजे भावकीनं आणून दिलेल्या डाळी, शेंगा, पालेभाज्या एकत्र शिजवून केलेली पातळ भाजी, बाजरीचे उकडलेले उंडे, तिळाच्या पोळ्या मांडल्या. आंबिलाच्या माठाभोवती ओलं फडकं गुंडाळलेलं. पूजा झाली. आण्णा आंबील शिंपडत शेताला वेढा घालून आले. आमच्याकडे त्या दिवशी वाटेनं जाणारा कुणीही असो, त्याला हाक मारून बसवतात. ओळख लागत नाही. भावकी आली, शेजारशेतातले आले, मोटारसायकल थांबवून दोन अनोळखी पोरंही आली आणि पोट भरून जेवून गेली.

"तिला आंबील पाहिजे का विचार," आण्णा मायला म्हणाले. मी दोन हातांवर बसले होते.

मायनं मला विचारलं. "पाहिजे म्हणावं," मी म्हटलं. मायनं दोघांकडेही रागानं बघितलं आणि गाडगं भरलं.

माणसं पांगली. ऊन कलतीला लागलं. आण्णांनी पानाला चुना लावला, आणि चुन्याच्या डबीकडे बघत म्हणाले,

"काय करलालीस तू तिथं? नेमकं?"

मला विचारलं होतं. मायचा हात उंड्यांच्या टोपलीवर थांबला.

मी सांगायला लागले. आधी अडखळत, मग मोकळं. तिकिटाची वेबसाइट असते. माणूस येतो, नाव घालतो, जागा निवडतो. कुठंतरी काहीतरी बिघडलेलं असलं तर तो तिथं अडतो. म्हणून मी यंत्राला शिकवते, तू माणूस होऊन रोज सकाळी तिकीट काढून बघ.

"म्हंजी खोटं माणूस," आण्णा म्हणाले.

"व्हय. खोटं माणूस."

"आन ते अडलं की?"

"मग आमी दुरुस्त करताव. खरं माणूस तिथं यायच्या आधी."

"ह्ये तिकीट काढायचं यंतर तूच केलीस?"

"न्हाई. ते जगातल्या कुणी कुणी मिळून केलंय. कुणी थोडं, कुणी थोडं. आन फुकट देऊन टाकलंय. कुणीबी घ्यावं."

"म्हंजी भज्जीच की," माय मध्येच म्हणाली. "समद्यांनी आणून टाकायचं, आन येईल त्यानं खायचं."

आण्णा हसले. दोन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. पान तोंडात टाकून ते उठले, आणि थोडं पुढे जाऊन माझ्याकडे न बघता म्हणाले, "चल. तुरीकडं जाऊन येऊ."

बांधावरून ते पुढे, मी मागे. बरंच चाललो. तुरीच्या पट्ट्यापाशी ते थांबले, एक शेंग तोडून नखानं सोलली.

"आधी अडलेलं बरं असतंय, असं म्हणतीस तू."

"मी कंप्युटरचं म्हणलाले, आण्णा."

"मी बी कुठं दुसऱ्या कशाचं म्हणलालाव." त्यांनी दाणे तोंडात टाकले. वाऱ्यानं तूर खुळखुळ वाजत होती. "मी 'मग बघू' म्हणलो व्हतो तुला," ते म्हणाले. "मांडव पडल्यावर अडली असतीस, तर मी काय बघणार व्हतो? सांग की. काय केलो असतो मी?"

त्यांना उत्तर नको होतं. ज्वारीवर राव्यांचा थवा उतरला, तसे ते "हाऽ हाऽ" करत टॉवेल फिरवत तिकडे धावले.

पुण्याला परतल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर स्क्रिप्टच्या तोंडाशी चार ओळी घातल्या. पत्ता खऱ्या साइटचा दिसला की एक पाऊलही पुढे टाकायचं नाही, गुमान बंद व्हायचं. सरांनी त्या ओळी स्वतः वाचून बघितल्या आणि म्हणाले, "माझ्या नावानं लिही. पेंडसे-बंदी." हुडे शेठही वहीपेनावर फार दिवस राहिले नाहीत. पंधरवड्यानं राजाभाऊचा फोन आला, संक्रांतीची गाडी वेबसाइटवर टाका म्हणून. कंपनी पुढे सात-आठ वर्षं चालली, मग एका मोठ्या कंपनीनं ती घेतली. मुनाफ कॅनडात आहे. सर आता गिर्यारोहण शिकवतात. मी अजून हेच काम करते. शेकडो चाचण्या एकाच वेळी चालतात, पण ब्राउझर डोळ्यांना दिसत नाही. कुठल्यातरी दूरच्या यंत्रावर, पडद्याविनाच उघडतो आणि मिटतो. आम्हाला फक्त हिरवं किंवा लाल कळतं. काम भरभर होतं, त्यात वाद नाही. पण नव्या मुलांना मी कधीकधी मुद्दाम खिडकी उघडी ठेवून एक चाचणी दाखवते. अक्षरं आपोआप उमटायला लागली की त्यांच्यातलं एखादं टाळी वाजवतंच. मग मला त्या दोन खोल्या आठवतात, खालच्या झेरॉक्स यंत्राची घरघर आठवते.

आणि आठवतो फाटा. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी आण्णा मला मोटारसायकलवरून तिथं सोडायला आले होते. परतीची गर्दी मोठी होती. पुण्याची एसटी आली ती दारापर्यंत भरलेली. आण्णा थांबले नाहीत. गाडीच्या कडेनं धावत गेले, उतरायच्या बेतात असलेल्या कुणाची तरी जागा त्यांनी बाहेरूनच हेरली, आणि गळ्यातला टॉवेल खिडकीतून आत सीटवर टाकला. "बिराजदाराची जागा हाय ती!" असं आतल्यांना बजावलं. मी लोकांच्या पायांवर पाय देत तिथवर पोचले, टॉवेल उचलून बसले.

गाडी सुरू झाली. खिडकीतून मी टॉवेल बाहेर धरला. "आण्णा, घ्या."

ते दोन पावलं गाडीबरोबर चालले, पण हात पुढे केला नाही.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पुढल्या येळवशीला घेऊन ये."